बीरांगनांविषयी सर्रास जे सांगितलं जातं

१६ डिसेंबर १९७१ ही तारीख मराठी वाचकाला पाठ असते. ढाक्याचं रेसकोर्स मैदान, शरणागतीच्या कागदावर पाकिस्तानी जनरल नियाझींची सही, ९३ हजार युद्धकैदी. त्याआधीच्या नऊ महिन्यांत पाकिस्तानी लष्कराच्या हातून पूर्व बंगालच्या बायकांनी जे भोगलं, ते या कहाणीत फार तर एका वाक्यात येतं: दोन लाख स्त्रियांवर बलात्कार झाले, घरच्यांनी त्यांना टाकलं आणि बिचाऱ्या देशोधडीला लागल्या. दोन लाख हा बांगलादेश सरकारचा आकडा. काही अंदाज चार लाखांपर्यंत जातात, काही अभ्यासकांना दोन्ही आकडे मान्य नाहीत. पण आकड्याइतकंच त्या वाक्याचं उरलेलं शेपूटही तपासून पाहण्यासारखं आहे.

घरच्यांनी टाकलेल्या बायका होत्या आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या. नव्या सरकारने डिसेंबर १९७१ मध्येच या स्त्रियांना ‘बीरांगना’ असा किताब दिला. फेब्रुवारी १९७२ मध्ये पुनर्वसन मंडळ स्थापन झालं, शिवणकाम आणि टायपिंगचे वर्ग निघाले, तरुणांनी या स्त्रियांशी लग्नं करावीत म्हणून प्रयत्न झाले. पण सगळ्याच जणी काही या मंडळाच्या केंद्रांत आल्या नव्हत्या. मानववंशशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी १९९७-९८ मध्ये पश्चिम बांगलादेशातल्या एका खेड्यात राहून आल्या. तिथे त्यांना बीरांगना भेटल्या त्या नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या, मुलाबाळांच्या, गरिबीचा संसार ओढणाऱ्या. काय घडलं ते नवऱ्यांना ठाऊक होतं, शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्याचा उच्चार कोणी करायचा नाही, एवढा एक अलिखित करार पाळला जात होता.

तो मोडला १९९२ मध्ये, आणि तोही त्यांचं भलं व्हावं असं मनापासून वाटणाऱ्या लोकांकडून. २६ मार्चला ढाक्यात ‘गण अदालत’ म्हणजे लोकन्यायालय भरलं. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने ज्यांचा मुलगा नेला तो परत आलाच नाही, त्या जहानारा इमाम त्याच्या अग्रभागी होत्या. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ दिल्याचा आरोप असलेले जमात-ए-इस्लामीचे नेते गुलाम आझम यांच्यावर लोकांसमोर प्रतीकात्मक खटला चालवायचा होता आणि त्यासाठी कुष्टिया भागातल्या तीन गरीब बायकांना राजधानीत आणलं गेलं. आपले फोटो छापले जातील, त्याखाली ओळख येईल, याची नीट कल्पना त्यांना नव्हती. फोटो छापले गेले. बातमी गावात पोचली आणि वीस वर्षं झाकलेली गोष्ट चव्हाट्यावर आली. मग टोमणे सुरू झाले. सरकारकडून यांनी पैसे उकळले असणार, अशी कुजबुज सुरू झाली. बायकांना बोलणी बसलीच, त्यांच्या नवऱ्यांनाही खाली मान घालून हिंडायची वेळ आली.

बोललं की मन मोकळं होतं, हा समज इथे अडखळतो. बोलण्याने बळ मिळालेल्या स्त्रिया आहेतच. १४ ऑगस्ट १९९१ रोजी सोलमध्ये किम हाक-सून यांनी, जपानी लष्कराने आपल्याला कसं लैंगिक गुलाम केलं होतं, हे स्वतःच्या नावानिशी सांगितलं. घटनेला तेव्हा जवळपास पन्नास वर्षं झाली होती. त्यांच्यामागून दोनशेहून अधिक कोरियन स्त्रियांनी आपली नावं नोंदवली. बांगलादेशात शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उघडपणे बोलल्या. वाळक्या फांद्या, मुळं, टाकून दिलेली लाकडं यांतून त्या शिल्पं घडवत. २०१० मध्ये त्यांना स्वातंत्र्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये मुक्तियोद्धा, म्हणजे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली, आणि २०१८ मध्ये त्या गेल्या. मात्र त्या बोलल्या त्या स्वतः ठरवून, स्वतः निवडलेल्या वेळी, आणि शहरातलं कलावंतांचं वर्तुळ त्यांच्या पाठीशी होतं. कुष्टियाच्या बायकांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांना सरसकट भित्र्या किंवा मनाने मोडलेल्या समजणंही म्हणूनच अन्यायाचं आहे. गप्प राहणं हा अनेकींनी विचारपूर्वक केलेला बचाव होता.

काळ हे औषध आहे म्हणतात. जर्मनीत फिलिप कूवेर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४५ मध्ये बर्लिनच्या पाडावाच्या सुमारास अत्याचार झालेल्या २७ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांची वयं तेव्हा ऐंशीच्या घरात होती. साठ वर्षांहून अधिक काळ लोटूनही त्यांच्यातल्या सुमारे एक पंचमांश जणींमध्ये आघातोत्तर ताणाची ठळक लक्षणं होती. सत्तावीस म्हणजे नमुना लहानच, त्यावरून साऱ्या देशाविषयी बोलता येणार नाही. तरी ‘आता काय राहिलंय त्याचं’ म्हणणाऱ्यांना तेवढंही उत्तर पुरेसं आहे.

शिवाय सगळं मनातच राहतं असंही नाही. काँगोतल्या बुकावू शहरात डॉ. डेनिस मुकवेगे यांनी १९९९ मध्ये पांझी रुग्णालय सुरू केलं. तिथे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या योनिमार्गाची आणि मूत्राशयाची भिंत फाटलेली असते. लघवी सतत गळत राहते, कपड्यांना वास येतो, चर्चमध्ये-बाजारात शेजारी बसायला कोणी तयार होत नाही. कौशल्याने शस्त्रक्रिया केली तर हे बहुतेक वेळा बरं होतं. पण त्यासाठी बुकावूपर्यंत पोचावं लागतं, आणि वाटेत युद्ध असतं.

रवांडात १९९४ च्या नरसंहारातून वाचलेल्या विधवांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत बलात्कार झालेल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. पुढची गोष्ट वाचून संताप येईल. संयुक्त राष्ट्रांच्या अरुशा इथल्या न्यायाधिकरणाच्या कोठडीतल्या आरोपींना एचआयव्हीची औषधं मिळत होती, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेल्या बायका ती औषधं न परवडून घरी मरत होत्या.

या अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, आया या मुलांचा तिरस्कारच करतात. दुसरा, आईची माया सगळ्यावर मात करते. प्रत्यक्षात आईला काय वाटतं याआधी शासन काय ठरवतं याला महत्त्व आलेलं दिसतं. १९७२ मध्ये बांगलादेशाने एरवी बेकायदा असलेला गर्भपात या स्त्रियांपुरता खुला केला. बरेच महिने उलटलेल्या गर्भांसाठी जेफ्री डेव्हिस या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना पाचारण करण्यात आलं. जन्मलेली मुलं परदेशी दत्तक देता यावीत म्हणून खास आदेश निघाला आणि जुलै १९७२ मध्ये पंधरा बाळांची पहिली तुकडी कॅनडाला रवाना झाली. यात अनेकींची खरीखुरी सुटका झाली. पण मूल ठेवू पाहणारीलाही किती मोकळीक होती, हा प्रश्न उरतोच.

रवांडात वेगळीच गाठ पडली. नरसंहारातून वाचलेल्यांच्या शिक्षणासाठी सरकारने निधी उभारला. पण वाचलेला कोण, याची व्याख्या १९९४ अखेरपर्यंतच्या काळाला बांधलेली होती. बलात्कारातून जन्मलेली मुलं त्यानंतरची. परिणामी एकाच घरात थोरल्या भावाची फी निधीतून भरली जाई आणि धाकट्याला काही मिळत नसे. बोस्नियात या मुलांना शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक अर्जावर वडिलांच्या नावाचा रकाना भरावा लागे. नावाच्या मधोमध वडिलांचं नाव घेऊन वावरणाऱ्या मराठी माणसाला तो रकाना किती जड असेल हे वेगळं सांगायला नको. ती मुलं मोठी झाली, त्यांनी स्वतःची संघटना बांधली, आणि २०२२ मध्ये बोस्नियातल्या ब्रच्को जिल्ह्याने कायद्याने त्यांना युद्धपीडित म्हणून मान्य केलं.

‘सैनिक म्हटलं की हे होणारच’ हे तर पारावरचं ज्ञान. एल साल्वादोरच्या डाव्या बंडखोरांनी आणि श्रीलंकेच्या एलटीटीईने इतर हिंसा भरपूर केली, बलात्कार मात्र फारच क्वचित, हे एलिझाबेथ वुड यांनी दाखवून दिलं आहे. डारा के कोहेन यांनी १९८० ते २०१२ मधल्या ९१ यादवी युद्धांची तुलना केली. पळवून आणून जबरीने भरती केलेल्या टोळ्यांमध्ये सामूहिक बलात्कार जास्त आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एकमेकांना न ओळखणारी, एकमेकांवर विश्वास नसलेली पोरं त्यातून एकत्र बांधली जातात. म्हणजे प्रश्न वासनेपेक्षा संघटनेचा आणि हुकमाचा आहे, आणि जे हुकमाने होतं ते हुकमाने थांबवताही येतं.

बळी फक्त बायकाच जातात, हेही खरं नाही. बोस्नियातल्या ओमार्स्का छावणीत पुरुष कैद्यांवर लैंगिक अत्याचार झाले आणि १९९७ मध्ये दुश्को तादिच खटल्याच्या निकालात त्याची नोंद झाली. पुरुष तर अनेकदा डॉक्टरलाही सांगत नाहीत. उलट बाजूला, म्हणजे गुन्हेगारांमध्ये, रवांडाच्या तेव्हाच्या कुटुंब व महिला विकास मंत्री पोलिन न्यिरामासुहुको. बलात्काराच्या गुन्ह्यासाठीही त्यांना २०११ मध्ये जन्मठेप झाली, अपिलात ती ४७ वर्षांवर आली.

शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला, असं मानायचं तर न्यायालयांची मजल कुठवर गेली ते पाहावं लागेल. बलात्कार हा नरसंहाराचाच एक प्रकार ठरू शकतो, असा पहिला निकाल २ सप्टेंबर १९९८ रोजी अरुशात आला. आरोपी होता रवांडातल्या ताबा गावाचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्याच घटनांविषयी साक्ष देताना एका बाईने तो विषय काढला. खंडपीठावर एकच स्त्री होती, भारतीय वंशाच्या नवी पिल्लै. न्यायाधीशांनी प्रश्न विचारत तो धागा धरून ठेवला आणि पुढे आरोपपत्र दुरुस्त झालं. २००१ मध्ये बोस्नियातल्या फोचा इथल्या अत्याचारांच्या खटल्यात तिघांना २८, २० आणि १२ वर्षांची शिक्षा झाली. बोस्नियातल्या पीडित स्त्रियांच्या संख्येचा अंदाज मात्र वीस ते पन्नास हजारांचा आहे.

बांगलादेशाच्या बाबतीत तर एकाही पाकिस्तानी सैनिकावर खटला उभा राहिला नाही. भारताच्या ताब्यातल्या युद्धकैद्यांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवायचं ठरलं होतं. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांचा करार झाला आणि तेही मायदेशी परतले. पाकिस्तानने बांगलादेशाला दिलेली मान्यता, तिकडे अडकलेल्या बंगाल्यांची सुटका, उपखंडातली शांतता, असे हिशेब त्यात होते. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना कोणी विचारलं नाही. स्थानिक साथीदारांवरचे युद्धगुन्ह्यांचे खटले सुरू व्हायला २०१० उजाडलं. डिसेंबर २०१४ मध्ये माजी राज्यमंत्री सय्यद मोहम्मद कैसर यांना ज्या खटल्यात फाशीची शिक्षा सुनावली गेली, त्यात युद्धकाळातल्या बलात्कारातून जन्मलेल्या एका मुलीने प्रथमच साक्ष दिली. ती तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई होती.

ऑक्टोबर २०१५ मध्ये बीरांगनांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा आणि भत्ता मिळू लागला. पहिल्या यादीत चाळीसेक नावं होती, पुढे ती चारशेवर गेली. यादीत यायचं तर अर्ज करावा लागतो, पडताळणी होते आणि नाव सरकारी राजपत्रात छापलं जातं. १९९२ चं वर्तमानपत्र ज्या गावात पोचलं, तिथे राजपत्रही पोचतंच.