एक भाषा, दोन प्राक्तने

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच बंगालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. वर्षही उलटले नाही तोच, ऑगस्ट २०२५ मध्ये, दिल्ली पोलिसांच्या एका पत्रातील ‘बांगलादेशी भाषा’ या उल्लेखाने राजकीय वादळ उठले. भाषा तीच, पण तिची प्रतिष्ठा बोलणाऱ्याच्या स्थानावर ठरते. बंगाली समाजाला हा अनुभव नवा नाही.

ब्राह्मण, वैद्य व कायस्थ यांच्या भद्रलोक वर्गाने १९०५ च्या फाळणीविरुद्ध आंदोलन उभारले आणि १९११ मध्ये ती रद्द झाली. १९४७ मध्ये मात्र याच वर्गातील बहुतेकांनी बंगालच्या विभाजनाची मागणी केली. पूर्व बंगालातील नामशूद्र शेतकऱ्यांचा कौल एकमुखी नव्हता. त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात पुढाकार घेतला होता. मंडल पुढे पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. पण १९५० मध्ये राजीनामा देऊन त्यांना भारतात परतावे लागले.

निर्वासितांचे पुनर्वसनही याच सामाजिक उतरंडीने झाले. सुशिक्षित, नोकरदार विस्थापितांना दिल्लीत भूखंड मिळाले. त्यांची वसाहत आज चित्तरंजन पार्क म्हणून ओळखली जाते. प्रामुख्याने नामशूद्र असलेल्या शेतकऱ्यांची रवानगी १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात झाली. गडचिरोलीतील बंगाली वस्त्या याच विस्थापनाची खूण आहेत. दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरीचझापी बेटावर वसलेल्या हजारो कुटुंबांना १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बळाने हुसकावले. त्यातील मृतांची संख्या आजही वादग्रस्त आहे.

बंगाली भाषेसाठी १९५२ मध्ये ढाक्यात आणि १९६१ मध्ये आसामातील सिल्चरमध्ये रक्त सांडले. मात्र भाषेच्या अभिमानाने समाजातील ही उतरंड मोडली नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याकडे नामशूद्रबहुल मतुआ समाज आशेने पाहत होता. मार्च २०२४ मध्ये नियम अधिसूचित झाल्यावर कागदपत्रांची चिंता पुढे आली. बंगाली मुसलमान तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे.

राजधानीत दुर्गापूजेच्या मंडपांना राजकीय नेत्यांची वर्दळ असते. त्याच शहरात बंगाली बोलणाऱ्या कचरावेचकाकडे ओळखपत्र मागितले जाते. अभिजात दर्जाने ग्रंथांचा गौरव होतो. बोलणाऱ्या माणसाला नागरिक म्हणून निर्धास्त जगता येते काय, ही त्या गौरवाची खरी कसोटी आहे.