पट्टी कोणती?

मिरजेत सतारमेकर हे आडनाव आहे. ते धंद्यावरून पडलं, आणि धंदा बदलला म्हणून पडलं. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारी. इंग्रजी अंमल पक्का झाला तसं हत्यारांचं काम सुटत गेलं. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी दुरुस्तीला आलेल्या तंतुवाद्यांवर हात चालवला आणि पुढे स्वतःच सतारी, तंबोरे घडवायला लागले, असं सांगतात.

मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा आश्रय होता, पण नुसत्या आश्रयावर धंदा उभा राहत नाही. दरबारात गवई किती असणार? आणि नीट सांभाळलेला तंबोरा एका पिढीला सहज पुरतो. खरं गिऱ्हाईक आलं ते गाणं दरबाराबाहेर पडल्यावर. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग आले, परीक्षा आल्या, मध्यमवर्गीय घरांतली मुलं-मुली गाऊ लागली. या कारागिरीचं दुकान झालं त्यात पलुस्करांचा वाटा मला फार मोठा वाटतो, जरी त्यांनी तंबोरे विकले नाहीत. शिवाय मिरज रेल्वेचं जंक्शन. मुंबई, हुबळी-धारवाडकडे जाणारा गवई इथे सहज उतरे. अब्दुल करीम खाँसाहेब तर इथेच राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. असं गिऱ्हाईक समोर बसलं की कारागिराला कामचुकारपणा परवडत नाही.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या पट्ट्यात, खास मोठा कडू भोपळा पिकवतात. तो खायचा नाही. फळ वेलावरच वाळवायचं, मग कारागीर येऊन आकार पारखून घेणार. टणक, समान जाडीचे, हवे तसे गोल भोपळे शंभरातून थोडेच निघतात, आणि अवेळी पाऊस झाला तर तेवढेही नाहीत. लाकूडही चांगलं मुरलेलं लागतं. म्हणजे कारागिराचे पैसे आज भोपळ्यात आणि लाकडात अडकतात, आणि वाद्य विकलं जातं ते कितीतरी महिन्यांनी. या धंद्याची खरी अडचण मला इथे दिसते. हात कितीही कसबी असला तरी हंगामात माल भरून ठेवायला भांडवल नसेल, तर कारागीर दुसऱ्याच्या दुकानात रोजावर बसतो.

भोपळा भिजवून कापायचा, आतला गर खरवडायचा, त्यावर लाकडी तबली बसवायची, दांडी जोडायची, नक्षी करायची, लाखेचं पॉलिश चढवायचं. ही कामं वाटून घेता येतात आणि घेतातही. एकाचा हात नक्षीवर बसलेला, दुसऱ्याचा पॉलिशवर. जवारी मात्र अशी वाटता येत नाही.

जवारी काढताना घोडीचा, म्हणजे तारांखालच्या आधाराचा, माथा कानशीने किंचित उतरता, पण अगदी थोडा गोलसर करतात. तार त्यावर टेकते न टेकते अशी कंप पावते आणि एका सुरातून अनेक सूर फुलतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. केसभर इकडे-तिकडे झालं की आवाज बंद पडतो, नाहीतर नुसता चरचरतो. हे मोजपट्टीवर येत नाही, कानावर येतं. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवून पुन्हा घासायचं. तारांनी घोडीवर चऱ्या पडल्या की काही काळाने जवारी पुन्हा काढावी लागते, म्हणून विकलेलं वाद्य दुकानात परत येतं. वाद्य एकदाच विकलं जातं. गवई मात्र आयुष्यभर याच दारात येत राहतो. दुकान चालतं ते बरंचसं या कानावर. तरीही जवारीचा मोबदला देताना लोक कचरतात, कारण डोळ्यांना काही नवीन दिसत नाही. हे मला मनापासून खटकतं.

१९७९ मध्ये बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला, आता तो फोनमध्येही आहे. रियाजाला अनेकांनी तो पत्करला, आणि प्रवासात पाच फुटी तंबोरा सांभाळण्याचे हाल पाहिले तर त्यांना दोष देता येत नाही. त्या सुरात चूक नसते, पण जवारीदार तंबोऱ्याशेजारी तो ठेवून ऐकावा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडचा माल मिरजेच्या नावावर विकणाऱ्यांना त्याने चाप बसू शकेल, पण मिरजेत पुढचा जवारी काढणारा घडवणं मानांकनाच्या हातात नाही. त्याला आधी काही वर्षं जाणत्याच्या शेजारी बसून नुसतं ऐकावं लागतं, आणि त्या वर्षांत त्याचं घर चालायला हवं.

नवं गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी किंमत निघत नाही. आधी विचारतात, ‘पट्टी कोणती?’ म्हणजे गळ्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर, काळी एक की काळी चार, बाईमाणसाचा गळा की पुरुषाचा, यावर भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी ठरते. समोरच्याला सांगता आलं नाही तर कारागीर हाताशी असलेला तंबोरा उचलतो, षड्ज लावून देतो आणि म्हणतो, ‘जरा सा लावा बघू.’