'गाणे' आणि 'दाणे'

चार वर्षांचे मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणते, तेव्हा घरच्यांना ते बोबडे बोल गोड वाटतात. परंतु जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकून निघणाऱ्या क-ग या कंठ्य ध्वनींच्या जागी त-द हे दंत्य ध्वनी येण्याची ही सवय बहुतेक मुलांमध्ये साडेतीन-चार वर्षांपर्यंत आपोआप सुटते, आणि त्यानंतरही ती टिकली तर वाचा-उपचार तज्ज्ञाचा सल्ला घेणे इष्ट ठरते. हा उच्चारदोष होय. शब्दसंग्रह तोकडा असणे, वाक्य न जुळणे किंवा सांगितलेले न समजणे हा भाषाविकार त्याहून वेगळा, जरी एकाच मुलात दोन्ही आढळू शकतात.

उपचारापूर्वी श्रवणचाचणी करतात, कारण मध्यकर्णात द्रव साचूनही ऐकणे मंदावते आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट उच्चारलेही जात नाही.

ऐकणे निर्दोष असले तरी पुढचे काम जिभेइतकेच कानाचे असते. टेबलावर दोन चित्रे मांडली जातात, एक गाणे म्हणणाऱ्या बाईचे आणि दुसरे शेंगदाण्यांचे. तज्ज्ञ एक शब्द उच्चारतो आणि मूल त्या चित्रावर बोट ठेवते. मग भूमिका बदलतात. मुलाला हवे असते 'गाणे', तोंडून निघते 'दाणे', आणि तज्ज्ञ शांतपणे दाण्यांचे चित्र पुढे करतो. आपल्या उच्चाराने अर्थच बदलला हे मुलाला त्या क्षणी जसे उमगते, तसे ते कितीही रागावून उमगणार नाही. जीभ मागे जात नसेल तर तिचे टोक चपट्या पट्टीने हलके खाली धरले जाते, ज्यामुळे 'त'ची वाट बंद होऊन कित्येकदा 'क' उमटतो. तो सुटा साधला की का-की-कू, मग शब्द, वाक्य आणि अखेरीस सहज संभाषण असा क्रम चालतो. यातला शेवटचा टप्पाच सर्वांत चिवट असतो.

म्हणूनच घरचा सराव निर्णायक ठरतो. 'नीट बोल' असे दटावल्याने मूल बोलणेच टाळू लागते. त्याऐवजी 'हो, गाडी आली, लाल गाडी आली' असे शुद्ध रूप सहज कानावर घालावे. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांच्या तपासणीत भाषाविलंबाचाही समावेश आहे. 'मोठेपणी सुटेल' म्हणत थांबण्यापेक्षा पालकांनी त्या तपासणीच्या वेळी मुलाच्या बोलण्याविषयी स्वतःहून विचारावे.