आखणीविना शिवलेली वाकळ

नवरात्राच्या आधी मराठवाड्यात घरोघरी दसरा काढतात. घरातलं झाडून सगळं कापड बाहेर येतं. वर्षभर अंगावर-अंगाखाली राहिलेल्या गोधड्या आणि वाकळा नदीवर, विहिरीवर आणि आता बोअरच्या पाण्यावर धुतल्या जातात. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीतही त्या दिवसांत गच्चीचे कठडे, कुंपणं, उभ्या ट्रॉल्या सगळं वाकळांनी भरून जातं. ज्याला कापडाची नजर आहे, त्यानं गावात फिरावं ते याच दिवसांत. कारण दोन वाकळा सारख्या सापडत नाहीत. एकीच्या मधोमध इरकलीचा हिरवा चौकोन असतो आणि त्याला तांबड्या काठाची चौकट. दुसरीवर शाळेच्या गणवेशाचं खाकी, नवऱ्याच्या सदऱ्याची रेघ आणि खणाचे तीन-चार तुकडे असे बसलेले, की आधीपासून तिथंच असावेत.

हे कुणी कागदावर आखलेलं नसतं. वाकळ शिवणाऱ्या बाईकडे पट्टी नसते, नमुन्याचं पुस्तक नसतं. गाठोडं सुटतं, धडपे निवडले जातात, आणि पहिला तुकडा खाली बसला की दुसरा कुठला, ते पहिल्याकडे बघून ठरतं. जगभरच्या गोधडीकारांनी गेल्या काही दशकांत याच पद्धतीला उत्स्फूर्त रचनेचं मोठं नाव दिलं, तिच्यावर पुस्तकं लिहिली, कार्यशाळा भरवल्या. आपल्याकडे ती ओसरीवर बसून चालत आली, म्हणून तिच्यातल्या विचाराकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

ढोकीच्या परिसराला कापड नवं नाही. शेजारचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात तगरहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे. त्यात जाडंभरडं कापड आहे आणि मलमलही. पुढे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि 1911 पर्यंत लातूरला पोचली. ढोकी त्याच मार्गावरचं स्टेशन. त्या रुळांवरून या भागाचा कापूस बाहेर गेला. मग ऊस आला, तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, चालला, मध्ये कित्येक हंगाम बंदही राहिला. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या गाडीत भांड्यांच्या जोडीला असायची ती वाकळांची वळकटी. उघड्या रानातल्या कोपीत पौषातली रात्र काढायची, तर तिच्याशिवाय भागत नसे.

आता कृतीकडे येऊ. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. सहा फुटी वाकळेच्या हिशेबानं एका लुगड्याचे चार पदर पडतात. पण लुगड्याचा पन्हा जेमतेम एका माणसाला पुरतो, म्हणून ऐसपैस वाकळेला दोन लुगडी शेजारी-शेजारी जोडावी लागतात. वरचा आणि खालचा पदर त्यातल्या त्यात धड कापडाचा. आतला भर विरलेल्या कापडाचा, धोतराचा, कधी कधी तर अख्ख्या जुन्या वाकळेचाच. आजीची वाकळ फाटली की ती नातीच्या वाकळेच्या पोटात जाते, आणि पुढे कधी वरचं कापड झिजलं की आतून तिचा जुना काठ डोकावतो.

पदर सपाट जमिनीवर अंथरतात, हातानं सुरकुती काढतात, चार कोपऱ्यांवर दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवतात आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात. मग खरी शिवण सुरू होते ती कडेनं. धावदोऱ्याची पहिली ओळ चारही बाजूंनी फिरते, दुसरी तिच्या आत बोटभर अंतरावर, तिसरी आणखी आत. ओळी अशा मध्याकडे सरकत जातात. यामागे सोयही आहे आणि शहाणपणही. कडा आधी बांधल्या गेल्यामुळे भर बाहेर पळत नाही. चौघी जणी चार बाजूंना बसून एकाच वेळी शिवू शकतात. शेकडो टाक्यांनी थर जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यामधली हवा ऊब धरते. सगळ्या पदरांतून सुई आरपार काढायला जोर लागतो, म्हणून बोटात अंगुस्ताना. धुतल्यावर कापड आणि दोरा कमी-जास्त आकसतात आणि वाकळेवर ती बारीक चुणी उमटते, जिच्यावर हात फिरवला की हातशिलाई डोळे मिटूनही ओळखता येते.

या रीतीत ऐन वेळी निर्णय घ्यावे लागतात, आणि तिथंच तिची कला आहे. इरकलीचा टोपपदर कापताना तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या तोडायच्या की अखंड ठेवायच्या? काठ चौकटीला वापरायचा की मधूनच उभा सोडायचा? सदऱ्याच्या पाठीचा मोठा तुकडा मिळतो, पण बाही निमुळती निघते. ती निमुळती बाही सरळ करायची तर कापड वाया जातं. म्हणून ती तशीच बसते आणि शेजारचा तुकडा तिच्या तिरकेपणाशी जमवून घेतला जातो. कापड वाया जाऊ द्यायचं नाही, हा या रचनेचा पहिला नियम. शेजारच्या तुकड्याशी रंग बोलला पाहिजे, हा दुसरा. एवढ्या दोन नियमांवर इतकं वैविध्य निघतं, हे थक्क करणारं आहे. उत्स्फूर्त म्हणजे कसंही, असा समज करून घेणाऱ्यानं एखादी चांगली वाकळ भिंतीवर टांगून दहा पावलं मागे जाऊन पाहावी. जड रंग कुठे साठलाय, मोकळी जागा कुठे सोडलीय, डोळा कुठून कुठे जातो, सगळं जागच्या जागी असतं.

असाच अनुभव अमेरिकेला 2002 साली आला. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे हे वंशज. तिथल्या बायकांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या त्या वर्षी ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या, आणि समीक्षक त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी करू लागले. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. जीज बेंडच्या गोधड्यांतली मिसुरी पेटवे यांची 1942 ची गोधडी विसरता येत नाही. नवरा गेल्यावर त्याचे शेतातले कपडे उसवून त्यांनी ती शिवली. गुडघ्याजवळ विटलेल्या विजारीचा निळा रंग तिच्यात जसाच्या तसा आहे. जीज बेंडच्या अनेक गोधड्यांत चौकोनात चौकोन अशी रचना असते. ढोकीच्या वाकळेचा धावदोराही तसाच फिरतो. दोन्हीकडची माती कापसाची, आणि दोन्हीकडे अंगावरचं कापड फाटेपर्यंत वापरलेलं.

इतक्या लांब न जाताही वाकळेची सख्खी बहीण भेटते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणारे सिद्दी हे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका ‘कवंद’ शिवतात, तीही कडेकडून आत. तुकडे ओळीओळीनं बसत जातात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी ‘फुलं’ बसतात. फुलांवाचून कवंद त्यांना उघडीबोडकी वाटते. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आहे. या कामाकडे कला म्हणून गंभीरपणे पाहणारी अशी पुस्तकं अजून फार थोडी आहेत.

वाकळेवर हातभरत येते ती बहुधा गरजेतून. कापड एके जागी विरलं, डाग जाता जात नाही किंवा जोड उघडा दिसतोय, तिथं एक फूल उमलतं. लेकरांच्या दुपट्यावर मात्र हौस मोकळी सुटते. पोपट, मोर, तुळशीवृंदावन, बाळाचं नाव. साखळी टाका रेषेला, गहू टाका पानाला, काजाचा टाका ठिगळाच्या कडेला आणि गाठीचा टाका फुलाच्या मध्याला. साखळी टाका दिसायला देखणा, पण वाकळेवर लांब सोडला तर पायाच्या बोटात अडकतो. म्हणून जाणत्या हाताचे टाके आखूड असतात. पांघरायच्या कापडावरचं भरतकाम झोपेत खुपता कामा नये, ही मर्यादा साडीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर भरणाऱ्यांना पाळावी लागत नाही.

भरतकामाचे दोन मोठे वारसे या जिल्ह्याच्या हाताशी आहेत. एक दक्षिणेकडून आलेला, इरकलीवरचा कशिदा. त्याचे गवंती, मुरगी, नेगी आणि हेंती असे चार टाके. गवंती जाताना धावदोऱ्यासारखा जातो आणि परतताना मोकळ्या जागा भरून काढतो, त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजूंना तीच नक्षी दिसते, गाठ कुठेच नाही. रथ, गोपुरं, हत्ती सगळं धागे मोजून, आधी रेघ न ओढता. असा कशिद्याचा पदर वाकळेत आला तर तो मध्यावर बसतो, त्याला कुणी भरात घालत नाही. दुसरा वारसा बंजारा तांड्यांचा. फेटिया आणि कांचळीवर आरसे, कवड्या, घट्ट रंगांचे दाट टाके. कवड्यांची माळ गळ्यात घालणारी तुळजाभवानी याच जिल्ह्यातली, त्यामुळे इथल्या डोळ्याला कवडी परकी वाटत नाही. आरसे-कवड्या पांघरुणाला चालणार नाहीत. पण भिंतीवर टांगायच्या गोधडीत त्यांची ठिणगी एखाद्या कोपऱ्यात सुंदर दिसते. फक्त ती एकाच जागी असावी. सगळीकडे चमक पेरली की तुकड्यांची आपापसातली गोष्ट ऐकू येईनाशी होते.

लुगडी गेली आणि वाकळेचा पोत बदलला. सिंथेटिक साडी विरत नाही, विटत नाही, घाम टिपत नाही आणि सुईखालून सटकते. तिची वाकळ भडक आणि टिकाऊ होते, पण सुती लुगड्याची मऊ ऊब तिला नाही. बाजारात मशीनवर टीप मारलेल्या गोधड्या आल्या, मिंकची ब्लँकेटं आली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला पुढे महिनाभर वाकळेवर वाक म्हणणं सोपं नसतं. पण हातशिलाई मागून घेणारा असेल आणि तिचा नीट दाम देणारा असेल, तर हे काम ओसरीवर परतू शकतं.

नव्यानं शिकणाऱ्यानं दुपट्यापासून सुरुवात करावी. अडीच बाय तीन फूट पुरे. कापड सगळं सुती आणि धुऊन आकसलेलं घ्यावं, कोरं आणि जुनं एका ओळीत जोडू नये, नाही तर पहिल्या धुण्यात कोरं आकसतं आणि जुनं झोळतं. पहिला तुकडा सगळ्यांत आवडीचा, आणि तोही नेमका मध्यावर नको. प्रत्येक तीन-चार तुकड्यांनंतर सुई ठेवून उभं राहून पाहावं. रंग अडला तर उसवण्यापेक्षा शेजारी एक काळा किंवा पांढरा तुकडा घालून बघावा, बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. दोरा सुती आणि जाड, हातभरापेक्षा लांब घेतला तर गुंता ठरलेला. भरतकाम जोडणी झाल्यावर, पण अस्तर लागण्याआधी. मग गाठी आत राहतात. धावदोरा शेवटी. तो भरलेल्या फुलाला वळसा घालून गेला तर फूल उठून दिसतं.

आणि दुपटं पुरं झाल्यावर एक काम राहतं. मागच्या कोपऱ्यावर शिवणारीचं नाव, गाव आणि साल भरावं. आपल्या वाकळांवर लेकराचं नाव सापडतं, शिवणारीचं क्वचितच. कुठल्या लुगड्याचा कुठला तुकडा, ते लुगडं कुणाचं, कुठल्या कार्यात घेतलेलं, हे घरातल्या एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असतं. अशा जपणुकीचं उदाहरण शेजारीच आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीच्या मातीतून मणी, खापरं, मृण्मूर्ती गोळा केल्या, आणि त्या एका माणसाच्या ध्यासातून आज तिथं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. ज्या तगरचं कापड भडोचला जात होतं, त्याच्या शेजारच्या ढोकीत, येडशीत, तडवळ्यात सुती लुगड्यांच्या शेवटच्या वाकळा अजून माळ्यावर आहेत. दसरा काढताना त्या धुऊन वाळत पडतील, तेव्हा कुणी तरी वही आणि कॅमेरा घेऊन घरोघर जायला हवं. जिल्ह्यातल्या शाळांना, महाविद्यालयांना आणि बचत गटांना हे काम एका हंगामात सुरू करता येईल.