पंधरा वर्षांची शीला आणि दोन वर्षांचा बँड

हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर टाळ्या वाजवा. सारख्या गतीनं एक ते सोळा मोजायचं आणि एक, चार, सात, अकरा, तेरा या आकड्यांवर टाळी द्यायची. पहिल्या आठात तीन टाळ्या, पुढच्या आठात दोन. जमलं?

या ठेक्याला क्यूबा बेटावर 'क्लावे' म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं तिथं उसाच्या मळ्यांत राबली. त्यांच्या तालांतून तो घडला. दोन लाकडी दांडकी एकमेकांवर आपटून तो वाजवतात आणि बाकीची वाद्यं त्याला धरून चालतात.

१९७२ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को भागात पीट आणि कोक एस्कोवेडो या भावांनी 'अझ्टेका' नावाचा बँड काढला. दोघं मेक्सिकन वंशाचे आणि तालवाद्यं वाजवणारे. त्यांच्या बँडमध्ये हातानं वाजवायचे उंच ढोल, म्हणजे कोंगा होते. रॉकची इलेक्ट्रिक गिटार होती, जॅझची ट्रम्पेट-सॅक्सोफोन होती. वाजवणारे-गाणारे मिळून पंधरावर माणसं. गाणाऱ्यांत वेंडी हास ही बाईसुद्धा होती.

१९७२ आणि १९७३ मध्ये त्यांच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. पण इतक्या माणसांचा प्रवास, मुक्काम, मानधन यांचा मेळ बसवणं सोपं नसतं. गट चालवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको! बँड लवकरच विखुरला.

मग सगळं फुकट गेलं का? ऐका. पीटची मुलगी शीला. नाव आपल्याकडचंच वाटतं ना? ती लहानपणी व्हायोलिन शिकायची, पण घरात वडिलांचा रियाज बघून हात ढोलाकडे वळायचे. पंधरा वर्षांची असताना अझ्टेकातला एक वादक आजारी पडला आणि त्याच्या जागी शीला उभी राहिली. तिथून ती मागे वळलीच नाही. पुढं 'शीला ई' या नावानं तिनं जगभर कार्यक्रम केले. १९८४ साली 'द ग्लॅमरस लाइफ' ही स्वतःची रेकॉर्ड काढली. बाईनं गावं आणि ढोल पुरुषानं वाजवावा, ही समजूत तिनं स्टेजवर मोडली.

एखादा गट दोन वर्षांत बंद पडला की आपण म्हणतो, 'काही राहिलं नाही.' त्या दोन वर्षांत कोण काय शिकलं, तेही मोजत जाऊया.

आणि तुमच्या भजनी मंडळात मृदंगाजवळ घुटमळणारी एखादी पोर असेल, तर तिला एकदा वाजवायला बसवून बघा.