कावेरीकाठचे तिबेटी विहार आणि दंडीचा ‘काव्यादर्श’

बौद्ध विहारांच्या यात्रेचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन प्रकारची स्थळे येतात. एक म्हणजे कान्हेरी, कार्ले, अजिंठा ही सह्याद्रीच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांतील लेणी. दुसरी म्हणजे लडाख, स्पिती, सिक्कीम येथील उंच खोऱ्यांत वसलेली गोन्पा. पहिल्या ठिकाणी शिल्प आहे पण भिक्षुसंघ नाही. दुसऱ्या ठिकाणी संघ आहे, परंतु तेथे पोहोचण्यास हिमालय चढावा लागतो. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या मार्गावर, सुमारे ऐंशी किलोमीटरवर, कावेरी ओलांडून कोडगूत प्रवेश करण्यापूर्वी जे बैलकुप्पे लागते ते या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तेथे डोंगर नाही, बर्फ नाही. मक्याची शेते आहेत, आणि त्या शेतांमधून हजारो भिक्षूंचे विहार उभे आहेत. पर्यटक ते पाहून ‘छोटे तिबेट’ म्हणतात व पुढे कुशालनगरला भोजनास जातात. या वर्णनात एक गोष्ट निसटते. बैलकुप्पेला जे आले त्याचा मोठा भाग मुळात तिबेटचा नव्हताच. तो दक्षिणेचा, कर्नाटकाचा आणि काही अंशी महाराष्ट्राचाही होता.

प्रथम घटनाक्रम पाहू. मार्च १९५९मध्ये दलाई लामा भारतात आले व त्यांच्यामागून हजारो निर्वासित आले. त्यांना वसविण्यासाठी जमीन द्यावी अशी विनंती पंडित नेहरूंनी राज्यांना केली, तेव्हा तत्कालीन म्हैसूर राज्याने पिरियापट्टण तालुक्यातील सुमारे तीन हजार एकर वनभूमी देऊ केली. १९६०च्या अखेरीस तेथे ‘लुगसुंग सामडुपलिंग’ ही वसाहत सुरू झाली. थंड हवेत वाढलेल्या माणसांनी जंगल तोडावे, रानहत्तींपासून पिके राखावीत आणि म्हैसूरचा उन्हाळा सोसावा, असा तो आरंभ होता. पुढे १९६९मध्ये शेजारीच ‘डिक्यी लारसो’ ही दुसरी वसाहत झाली. हुणसूरजवळ व कोळ्ळेगालच्या बाजूस (हा भाग १९९७पासून चामराजनगर जिल्ह्यात आहे) आणखी दोन वसाहती झाल्या. पूर्वी मुंबई राज्यात असलेल्या कारवार जिल्ह्यात, मुंडगोड येथे, १९६६मध्ये एक मोठी वसाहत झाली. महाराष्ट्रातही एक आहे. ती १९७२मध्ये तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात वसली. तिचे नाव ‘नोरग्येलिंग’. मराठी माणसाला तिबेटी ठाऊक आहेत ते बहुधा हिवाळ्यात शहरोशहरी लागणाऱ्या स्वेटरांच्या दुकानांवरून. त्या दुकानांमागे अशी शेती करणारी गावे आहेत हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

विहारांची कथा याहून वेगळी आहे. ल्हासाजवळचा सेरा विहार १४१९मध्ये स्थापन झाला. डेपुंग व गांदेन यांच्यासह तो गेलुग संप्रदायाच्या तीन महापीठांपैकी एक. या पीठांतून निसटलेले सुमारे दीड हजार भिक्षू उत्तर बंगालमधील बक्सा येथील जुन्या किल्ल्यात ठेवण्यात आले. ब्रिटिश अमदानीत तेथे राजबंदी ठेवीत. तेथील दमट हवेत क्षयाने अनेकांचा बळी घेतला. तरीही जवळजवळ दहा वर्षे अध्ययन व वादसभा चालू राहिल्या. १९७०च्या सुमारास सेराचे सुमारे तीनशे भिक्षू बैलकुप्पेला आले; डेपुंग व गांदेनचे भिक्षू मुंडगोडला गेले. शिगात्सेचा ताशी ल्हुन्पो, स्थापना १४४७, याची पुनःस्थापना १९७२मध्ये बैलकुप्पेतच झाली. त्यांच्याही आधी, १९६३मध्ये, न्यिंगमा संप्रदायाच्या पलयुल परंपरेचे पेनोर रिन्पोचे (१९३२–२००९) यांनी नामड्रोलिंग विहाराचा आरंभ बांबूच्या एका साध्या मंडपाने केला होता. आज पर्यटक ज्याला ‘सुवर्णमंदिर’ म्हणतात, ज्यात सुमारे साठ फूट उंचीच्या मूर्ती आहेत, ते या नामड्रोलिंगचे १९९९मध्ये पूर्ण झालेले मंदिर होय.

‘गोन्पा’ या तिबेटी शब्दाचा मूळ अर्थ निर्जन, दूरचे स्थान, म्हणजे आपल्याकडील ‘अरण्य’. त्या दृष्टीने १९६०चे बैलकुप्पे हे नावाप्रमाणेच गोन्पा होते असे म्हणता येईल. परंतु पर्वत सोडून आलेल्या विहाराने आपली ओळख कशावर राखली, हा खरा प्रश्न आहे. वास्तू मागे राहिल्या, मूर्ती बहुतांशी मागे राहिल्या. बरोबर आली ती नावे, गुरुपरंपरा आणि पाठ्यक्रम. सेरा विहारात भिक्षू पंधरा-वीस वर्षे ज्या ग्रंथांचे अध्ययन करतो ते पाहावेत: धर्मकीर्तीचे ‘प्रमाणवार्तिक’, मैत्रेयनाथांचा ‘अभिसमयालंकार’, चंद्रकीर्तीचा ‘मध्यमकावतार’, वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’, गुणप्रभाचे ‘विनयसूत्र’. यांतील एकही ग्रंथ तिबेटात लिहिलेला नाही. अंगणात उभा राहून टाळी वाजवीत प्रश्न करणारा वादी आणि खाली बसून उत्तर देणारा प्रतिवादी हे दृश्य कितीही परके वाटले, तरी ज्या वाक्यांवर त्यांचा वाद चालतो ती वाक्ये संस्कृतातून भाषांतरित झालेली आहेत. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’चे मूळ संस्कृत हस्तलिखितही आधुनिक अभ्यासकांना मिळाले ते तिबेटात, राहुल सांकृत्यायनांच्या १९३०च्या दशकातील यात्रांत.

साहित्याच्या अभ्यासकाला यापेक्षाही जवळचे एक उदाहरण आहे, आणि ते बरेच कमी चर्चिले गेले आहे. कांचीच्या पल्लव राजसभेशी ज्याचा संबंध जोडला जातो तो दंडी इ. स. ७००च्या आसपास होऊन गेला. त्याचा ‘काव्यादर्श’ तामिळ, सिंहली व कन्नड या भाषांत रूपांतराने पोहोचला हे प्रसिद्धच आहे. तोच ग्रंथ हिमालय ओलांडूनही गेला. शाक्य पंडिताने (११८२–१२५१) त्यातील काही भाग तिबेटीत मांडला. त्यानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शोंगतोन दोर्जे ग्यालछेन याने पंडित लक्ष्मीकर याच्या साहाय्याने संपूर्ण ग्रंथ भाषांतरित केला. तिबेटीत त्याचे नाव ‘ञेनङाक मेलोंग’, म्हणजे काव्याचा आरसा. ‘आदर्श’ म्हणजे आरसा हा अर्थ तिबेटी भाषांतरकाराने जसाच्या तसा ठेवला. मराठीत मात्र ‘आदर्श’ शब्दाचा हा जुना अर्थ केव्हाच मागे पडला. पुढील शतकांत या ग्रंथावर टीकांमागून टीका झाल्या, पाचव्या दलाई लामांनीही एक लिहिली, आणि काव्यशास्त्र हे तिबेटी विद्याव्यवस्थेतील पाच ‘लघुविद्यां’पैकी एक ठरले. दंडीच्या पस्तीस अर्थालंकारांपैकी प्रत्येकाचे स्वतःचे उदाहरण रचून दाखविणे ही तिबेटी कवीची परीक्षाच होती.

याच्या शेजारी ‘कविराजमार्ग’ ठेवून पाहिला असता तुलना रोचक होते. कन्नडमधील हा पहिला उपलब्ध ग्रंथ नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या सभेत रचला गेला. आधुनिक काळात तो प्रथम छापून प्रसिद्ध केला तो काशिनाथ बापूजी पाठक यांनी, १८९८मध्ये. पाठकांचे विद्वज्जीवन पुण्यात गेले. ‘कविराजमार्ग’ हा दंडीचा ऋणी आहे, पण गुलाम नाही. दंडीने काव्याचे दोन मार्ग सांगितले, वैदर्भ व गौड. कन्नड ग्रंथकाराने ही विभागणी उचलली आणि आपल्या भूमीवर उतरविली: त्याच्याकडे कन्नड कवींचेच दक्षिण व उत्तर असे दोन मार्ग होतात. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश तो कन्नड देश म्हणून सांगतो, तेव्हा त्या भूगोलाला काव्यशास्त्रातही जागा मिळते. तिबेटी भाषांतरकाराने याउलट केले. त्याने ‘वैदर्भ’ हे नाव ‘बैदर्भ’ म्हणून तसेच राहू दिले. ‘गौड’ही तसाच राहिला. ल्हासाच्या विद्यार्थ्याला विदर्भ कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्यापुरते ते एका प्रसन्न, सुकुमार रचनारीतीचे नाव होते, इतकेच.

या भेदाचे कारण केवळ भक्तिभाव असे समजणे अपुरे होईल. कन्नड कवीला संस्कृत ही शेजारीण होती. तिच्याशी स्पर्धा करता येत होती, तिचे शब्द गरजेप्रमाणे घेता येत होते. तिबेटीची घडण पूर्णतः निराळी. वैदर्भ मार्गाचे श्लेष, समता, सुकुमारता हे गुण संस्कृत वर्णांच्या अल्पप्राण-महाप्राण नादावर उभे आहेत. तो नाद भाषांतरात येऊच शकत नाही. तिसऱ्या परिच्छेदातील यमके व चित्रबंध तर त्याहून अवघड. तिबेटी कवींनी तेही रचून दाखविले, पण त्यातील पुष्कळसा भाग आज कसरत वाटतो, काव्य वाटत नाही. दंडी तिबेटीत खऱ्या अर्थाने जगला तो दुसऱ्या परिच्छेदात, उपमा-रूपकांच्या प्रदेशात, जेथे अर्थ नादापेक्षा बलवान आहे.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट विसरू नये. ज्या पहिल्या परिच्छेदात वैदर्भ मार्गाची स्तुती आहे, तेथेच दंडी महाराष्ट्राच्या भाषेला प्राकृतांत श्रेष्ठ ठरवितो आणि पुरावा म्हणून ‘सेतुबंधा’चे नाव घेतो. ‘सेतुबंध’ हे प्रवरसेनाचे काव्य. प्रवरसेन वाकाटक वंशातला, म्हणजे विदर्भाच्या राजघराण्यातला. महाराष्ट्री प्राकृताचा हा गौरव तेराव्या शतकापासून तिबेटी पंडितांच्या अध्ययनाचा भाग आहे. ज्या अमोघवर्षाच्या सभेत दंडी कन्नड झाला, त्याच राजाच्या राज्यकाळात कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षू राहत होते व त्यांना दाने मिळत होती. त्याचा उल्लेख करणारे नवव्या शतकातील शिलालेख तेथे आहेत. कान्हेरी पुढे ओस पडली. धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या आरंभी बौद्ध धर्माच्या शोधात निघाले, तेव्हा नेपाळच्या खोऱ्यात त्यांची निराशा झाली आणि त्यांना सिंहलद्वीपाकडे वळावे लागले. त्यामुळे मराठीतील बौद्धविद्या पालीच्या मार्गाने वाढली. १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर ती लोकजीवनाशी जोडली गेली, हे तिचे मोठे यश. परंतु तिबेटीत जतन झालेले संस्कृत वाङ्मय तिच्या वाटेवर सहसा आले नाही.

मेघदूताचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. कालिदासाचा मेघ रामगिरीहून निघून कैलासाजवळच्या अलकेला जातो. वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे साधार मांडले. हे काव्य चौदाव्या शतकात काश्मिरी पंडित सुमनश्रीच्या सहकार्याने तिबेटीत भाषांतरित झाले आणि तंजूर या शास्त्रसंग्रहात समाविष्ट झाले. एका प्रेमकाव्याला धर्मग्रंथांच्या शेजारी स्थान मिळावे हे आश्चर्यच; पण त्या संग्रहात व्याकरण, छंद, वैद्यक यांनाही स्थान आहे. विदर्भातून कैलासाकडे जाणारी ही काव्यमय वाट ज्यांच्या भाषेत सहा शतके जपली गेली, त्यांच्यापैकी काही कुटुंबे १९७२मध्ये विदर्भातच शेती करण्यास आली. ‘बैदर्भ’ हे नाव त्यांच्या पंडितांच्या पोथीत होतेच. आता तो प्रदेश त्यांचा पत्ता झाला.

तथापि अतिशयोक्ती टाळली पाहिजे. बैलकुप्पेच्या प्रत्येक भिक्षूच्या हाती दंडी असतो असे नाही. गेलुग महापीठांच्या मुख्य अभ्यासक्रमात काव्यशास्त्राला स्थान नाही. तर्क आणि दर्शन हेच तेथील सर्वस्व, आणि अलंकारांत रमणाऱ्याकडे तेथे थोड्या संशयानेच पाहिले जात आले आहे. न्यिंगमा परंपरेत काव्याचे वातावरण अधिक मोकळे. १९७८मध्ये नामड्रोलिंगला स्थापन झालेल्या उच्च अध्ययन संस्थेत दर्शनाबरोबर व्याकरण व काव्य यांचेही शिक्षण दिले जाते. म्हणजे ज्या कावेरीचे नाव ‘कविराजमार्ग’ कन्नड देशाची दक्षिण सीमा म्हणून घेतो, तिच्या काठी आज दंडी तिबेटीत शिकविला जातो. आणि तेथून ऐंशी किलोमीटरवर म्हैसूरच्या संस्कृत व कन्नड विभागांत तो संस्कृतात व कन्नडच्या द्वारा शिकविला जातो. हे दोन वर्ग एकमेकांना भेटले तर दोघांचाही लाभ आहे. ज्या म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्रींच्या हाती १९०५मध्ये कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आली, त्या नगरात अशी भेट अशक्य मानण्याचे कारण नाही.

ही निकड वाढली आहे, कारण विहारांची वस्ती बदलत आहे. २००८नंतर तिबेटातून नेपाळमार्गे येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला. वसाहतींतील तरुण शिक्षण घेऊन शहरांत वा परदेशी जात आहेत. रिकाम्या होणाऱ्या जागा भरत आहेत त्या लडाख, झांस्कार, किन्नौर, स्पिती, तवांग, नेपाळ येथून येणाऱ्या मुलांनी. ताशी ल्हुन्पोचा तर पश्चिम हिमालयाशी पूर्वापार संबंध होता. लडाख-किन्नौरचे भिक्षू पूर्वी शिगात्सेला महिनोन्‌महिने चालत जात. आता ते आगगाडीने म्हैसूरला येतात, बारा-पंधरा वर्षे राहतात, बाजारापुरती कन्नड शिकतात आणि मग आपल्या खोऱ्यातील गोन्पात शिकविण्यास परततात. स्पितीच्या एखाद्या कड्यावरील गोन्पात मराठी प्रवाशाला एखादा प्रौढ भिक्षू भेटला आणि त्याने बोलता बोलता पिरियापट्टणच्या पावसाची किंवा म्हैसूरच्या दसऱ्याची आठवण काढली, तर त्यात नवल नाही.