ट्रकच्या पाठीवरचे बाण

कामठीकडून जबलपूर रोडने येणारा लष्करी ताफा कन्हानच्या पुलावर चढला की आमच्याकडची पोरं अजूनही गाड्या मोजायला उभी राहतात. मीही मोजायचो. ताडपत्रीखाली काय आहे ते कधीच कळत नसे, पण प्रत्येक गाडीच्या तोंडावर एक पिवळा गोल असे आणि त्यात काळा आकडा. तो गाडीचा अनुक्रमांक असावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तो असतो गाडीचा भारवर्ग. पुलाला किती वजन पेलतं याचाही असाच आकडा ठरलेला असतो आणि गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यात बसला तरच ती पुढे जाते. तोफ कितीही भारी असली तरी आधी तिला पुलावरून जाता आलं पाहिजे. युद्धशास्त्रातली ही बहुधा सर्वांत कंटाळवाणी अट. ट्रकवरच्या रॉकेटची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते.

तोफेचा गोळा सुटतो तेव्हा नळीच्या आत प्रचंड दाब तयार होतो. तो सोसायला नळी जाड पोलादाची लागते, मागे बसणारा धक्का सोसायला त्याहून भक्कम गाडा लागतो. रॉकेटचं तसं नाही. त्याची आग त्याच्याच पोटात असते आणि वायू मागच्या तोंडातून मोकळे बाहेर पडतात. नळीचं काम सुरुवातीच्या क्षणी दिशा देण्यापुरतं. दिवाळीत आपण रॉकेट बाटलीत उभं करतो, तेव्हा बाटलीला धक्का बसत नाही, ती फक्त काळी पडते. म्हणूनच नुसत्या पत्र्याच्या नळ्यांची जुडी साध्या मालट्रकच्या डाल्यावर बसवून तोफखान्याचं काम करून घेता येतं.

हे आपल्याकडे पूर्वीच कळलं होतं. मराठी कागदपत्रांत ‘बाण’ म्हणजे नेहमी धनुष्याचाच बाण नव्हे. पुष्कळदा ते दारूचं रॉकेट असतं. मोगल आणि मराठे असे बाण उंटांवर लादून नेत. म्हणजे ट्रकची जागा तेव्हा उंट भरून काढत होता, फक्त डिझेलऐवजी कडबा लागत होता. म्हैसूरकरांनी बाणाला कागद-बांबूऐवजी लोखंडी कवच दिलं, त्यामुळे आत जास्त दाब टिकला आणि पल्ला वाढला. 1780 साली पोल्लिलूरला इंग्रजांना त्याचा चटका बसला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथले बाण इंग्लंडमधल्या वूलिचला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून इंग्रजी रॉकेट घडवलं. 1807 मध्ये त्याच जातीच्या रॉकेटांनी कोपनहेगन जाळलं.

ट्रक आणि रॉकेट यांचं लग्न लावलं सोव्हिएत रशियाने. 14 जुलै 1941 रोजी ओर्शा रेल्वे स्थानकावर जर्मन गाड्या उभ्या असताना कात्यूशा या रॉकेट-ट्रकांच्या पहिल्या बॅटरीने मारा केला. एका झिस ट्रकवर सोळा रॉकेटं. युद्ध पुढे सरकलं तसे रशियन ट्रक कमी पडू लागले आणि हीच रॉकेटं अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या स्टुडबेकर ट्रकांवर चढली. साठच्या दशकात तिची धाकटी बहीण आली, ग्राद. 122 मिलिमीटरच्या चाळीस नळ्या, वीस सेकंदांत रिकाम्या, पल्ला वीस किलोमीटर. भारतीय लष्कराकडे ती अनेक वर्षं आहे आणि कारगिलमध्येही ती वापरली गेली.

वीस किलोमीटर म्हणजे नेमकं किती, हे मागच्या दिवाळीत भाच्याने मला नकाशावर दोरा धरून मोजायला लावलं. “मामाजी, आपल्या कन्हानहून सोडलं तं कुठवर जाईन?” ग्रादचा दोरा नागपूरच्या झिरो माइलपर्यंत जेमतेम पोचला. मग पिनाकचा, म्हणजे आपल्याकडे घडलेल्या रॉकेटचा, मोजला.

इथे नावाबद्दल थोडं. शंकराचं धनुष्य ते पिनाक. हे नाव इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने परत आलं आणि वृत्तनिवेदकांच्या तोंडी पिनाका झालं. मी पिनाकच म्हणणार. रामटेकचा रेल्वेफाटा कन्हानलाच फुटतो. शिवधनुष्य मोडणारा राम ज्या टेकडीवर आहे तिच्या वाटेवर बसून शिवधनुष्याच्या नव्या अवताराबद्दल लिहायचं, यातली गंमत आमच्या गावाला पुरते.

पिनाकला मंजुरी मिळाली 1986 च्या अखेरीस. काम पुण्याच्या पाषाण भागातल्या एआरडीई या प्रयोगशाळेकडे आलं, इंधनाचा भाग सुतारवाडीच्या एचईएमआरएलकडे. एका ट्रकवर 214 मिलिमीटरच्या बारा नळ्या, सहा-सहाच्या दोन पेट्यांमध्ये. एक रॉकेट जवळजवळ पाच मीटर लांब, वजन 276 किलो, त्यातली सुमारे 100 किलो स्फोटक टोपी. बारा रॉकेटं 44 सेकंदांत सुटतात. हा आकडा सगळे सांगतात. मला त्यातलं गणित आवडतं. बारा रॉकेटांमध्ये अंतरं अकरा, म्हणजे दोन रॉकेटांत चार सेकंद. हे चार सेकंद उगाच नाहीत. एक रॉकेट सुटलं की ट्रक हलतो आणि मागचा झोत हवा ढवळतो. पुढचं रॉकेट त्या हेलकाव्यात सुटलं तर तिकडे शिवारच बदलेल. म्हणून मारा करण्याआधी ट्रक जॅकवर घेतात, चाकांवरचा भार काढतात आणि नळ्यांचा रोख संगणक प्रत्येक वेळी पुन्हा जुळवतो.

पहिल्या पिनाकचा पल्ला सुमारे 38 किलोमीटर. दोरा रामटेक ओलांडून बराच पुढे गेला. सहा ट्रकांची एक बॅटरी 72 रॉकेटं फेकते, म्हणजे पाऊण मिनिटाच्या आत सात टनांहून अधिक स्फोटक टोप्या, साधारण एक किलोमीटर लांब आणि 800 मीटर रुंद पट्ट्यावर. 1999 मध्ये चाचण्या पुऱ्या व्हायच्या आतच पिनाकला कारगिलच्या डोंगरांत नेलं गेलं.

खरी ताकद मात्र 45 व्या सेकंदापासून पुढे दिसते. रॉकेट सुटताना धुराचा जो लोट उठतो तो दहा कोसांवरून दिसावा. शत्रूचं रडार रॉकेटचा मार्ग उलटा मोजून ते कुठून सुटलं ती जागा काढतं आणि काही मिनिटांत तिथे गोळे पडू लागतात. म्हणून जॅक वर, नळ्या आडव्या आणि ट्रक चालू. नव्या पेट्या दुसरीकडे, क्रेनवाल्या गाडीकडून चढवायच्या. इथे गनिमी कावा हा शब्द लिहिण्याचा मोह प्रत्येक मराठी लेखकाला होतो, मी तो आवरतो. हे काम ट्रक ड्रायव्हरचं आहे आणि श्रेय त्यालाच द्यावं. पिनाकखालचा टाट्रा ट्रक आठ चाकांचा. आपल्या नेहमीच्या ट्रकला मधे आडवा अखंड धुरा असतो, एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्यालाही कलावं लागतं. टाट्राच्या मधोमध नळीचा कणा असतो आणि प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या धुऱ्यावर स्वतंत्र खालीवर होतं. नांगरटीतून पळायला याहून चांगली रचना नाही.

आता नागपूरकडे. हे शस्त्र पुण्यात जन्मलं असलं तरी त्याच्या अंगाखांद्याला माती लागलीय ती विदर्भाची, आणि त्याची मुळं, माझ्या मते, आमच्या कन्हानच्या कोळशात आहेत.

आमच्याकडे दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी पायाखालची जमीन एकदा हलते, मग फळीवरची भांडी किणकिणतात आणि आवाज शेवटी येतो. पाहुणे दचकतात, घरचे लोक चहाचा कप फक्त घट्ट धरतात. कामठी, इंदर, गोंडेगाव या पट्ट्यात कोळसा काढायचा तर स्फोटकं लागणारच. चंद्रपूर-वणीकडे तेच. स्फोटकांचं एवढं मोठं गिऱ्हाईक दाराशी असल्यामुळे नागपूरच्या भोवती स्फोटकांचा धंदा वाढला. देशभरच्या स्फोटकांवर, म्हणजे गॅसच्या टाक्यांपासून फटाक्यांच्या मोठ्या साठ्यांपर्यंत, देखरेख करणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्यालयही नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे. नागपुरातल्या सोलार समूहाने सुरुवात खाणींच्या स्फोटकांपासूनच केली. आज त्याच समूहाची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज ही कंपनी पिनाकची रॉकेटं बनवते.

दुसरी शाखा सरकारी. साठच्या दशकात, चीनच्या युद्धानंतर, विदर्भात आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या: नागपूरला अंबाझरी, भंडाऱ्याला जवाहरनगर, भद्रावतीला चांदा. आमच्या बोलीत ‘डिफेन्सला लागला’ म्हटलं की पोराचं लग्न जमलं असं समजायचं. 1 ऑक्टोबर 2021 ला या निर्माण्यांचं जुनं मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेली, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे. दारूगोळ्याच्या निर्माण्या म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं मुख्यालय पुण्यात.

रॉकेटची स्वतःची नळी, म्हणजे ज्यात इंधन भरतात ते त्याचं अंग, कशी होते हे ऐकण्यासारखं आहे. पत्रा वळवून जोड मारला तर दाबाखाली तो जोडच पहिला फाटेल. म्हणून जाड, आखूड नळकांडं एका फिरत्या दांड्यावर चढवतात आणि बाहेरून रोलर दाबत नेतात. कुंभार चाकावर मातीची भिंत बोटांनी वर ओढतो तसं पोलाद थंड असतानाच ताणलं जातं, पातळ होतं, लांब होतं. जोड कुठेच नाही.

आतलं इंधन फटाक्याच्या रॉकेटसारखं सोरा-कोळसा-गंधकाचं नसतं. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारं रबरासारखं द्रव्य मिसळून घट्ट कणकेसारखं मिश्रण करतात, ते नळीत ओततात आणि दिवसच्या दिवस उबेत ठेवून मुरवतात. मुरलं की हाताला ते ट्रकच्या टायरसारखं लागतं. त्यात एक भेग राहिली तरी घात. आग भेगेत शिरते, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब नळीच्या आवाक्याबाहेर जातो आणि रॉकेट ट्रकवरच फुटतं. म्हणून प्रत्येक नळीच्या पोटात काय आहे ते क्ष-किरणाने बघतात.

हे काम करताना माणसं मरतात, हेही इथेच लिहायला हवं. 17 डिसेंबर 2023 ला बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ जण गेले, त्यांत सहा बायका होत्या. तो स्फोट रॉकेटच्या नव्हे, खाणीत लागणाऱ्या बूस्टरच्या विभागात झाला होता. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ कामगार गेले. दोन्ही दिवशी आमच्याकडे फोन वाजत राहिले, कारण कोणाचं ना कोणाचं माणूस त्या पाळीला असतंच. परेडमध्ये ट्रक बघताना टाळ्या वाजवणाऱ्यांना ही पाळी दिसत नाही.

पैशाची बाजू: 31 ऑगस्ट 2020 ला संरक्षण मंत्रालयाने पिनाकच्या सहा नव्या रेजिमेंटांसाठी 2,580 कोटींचा करार केला. 114 लाँचर टाटा पॉवर आणि लार्सन अँड टुब्रोकडून, 330 गाड्या बीईएमएलकडून. फेब्रुवारी 2025 मध्ये नुसत्या रॉकेटांसाठी 10,147 कोटी; मागणी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज आणि म्युनिशन्स इंडिया या दोघांत वाटलेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ट्रक एकदाच घ्यायचा असतो, बाण पुन्हा पुन्हा. यातल्या काही रॉकेटांच्या टोपीत लहान स्फोटकं भरलेली असतात, ती जमिनीवर पसरतात. अशा विखुरत्या दारूगोळ्यावर बंदी घालणारा करार 2008 मध्ये झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. न फुटलेली स्फोटकं युद्ध संपल्यावर शेतकऱ्याच्या नांगराखाली येतात, ही त्यावरची हरकत मला तरी झटकून टाकता येत नाही.

जुन्या रॉकेटची खोड म्हणजे भरकटणं. वारा, इंधनाचं जराही असमान जळणं, सुटतानाचा हेलकावा, आणि 38 किलोमीटरवर पोचेपर्यंत ते चार-पाचशे मीटर इकडेतिकडे जातं. म्हणून पूर्वी एका ठिकाणावर 72 टाकायचे. नव्या पिनाकच्या नाकाशी लहान पंख आहेत आणि आत उपग्रहाकडून आपली जागा विचारणारा मेंदू. ते वाटेतच आपली चूक दुरुस्त करतं. पल्ला 75 किलोमीटर. डिसेंबर 2025 मध्ये 120 किलोमीटरच्या रॉकेटची पहिली चाचणी चांदीपूरला झाली. अमेरिकेच्या सहा रॉकेटांच्या हायमार्स ट्रकने युक्रेनमध्ये 2022 पासून हेच दाखवलं: थोडी रॉकेटं, नेमकी जागा, लगेच पळ. रशियाने उपग्रहांचे संकेत बिघडवायला सुरुवात केल्यावर तिथला नेमकेपणा घटला, हेही तितकंच खरं. पिनाक आता आर्मेनियालाही विकलं गेलंय.

भाच्याने 75 चा दोरा धरला तेव्हा तो भंडारा ओलांडून गेला. 120 चा गोंदियाच्या पार. त्यावर तो काहीच बोलला नाही, दोरा गुंडाळून खिशात घातला आणि अंगणात गेला.

तिथे त्याने बिअरची एक रिकामी बाटली विटांमध्ये रुतवून बसवली, रॉकेट उभं केलं, एक डोळा मिटून रोख धरला. वात पेटवली. बाटली ऐन वेळी कलली, रॉकेट शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांवर गेलं. वरून काकूंचा आवाज यायच्या आत पोरगं गल्लीच्या तोंडाशी पोचलं होतं. बाटली होती तिथेच धुरकटत पडली होती आणि तिच्याजवळ मी उभा.